ओढ्यापल्याडचा जिल्हा

लालासाहेबांनी सकाळी सातलाच इस्त्रीचा सदरा घालून खिशाला पेन लावलं, तेव्हाच त्यांच्या सुनेनं, अंकितानं, ओळखलं की आज घरात कुणाचं काही खरं नाही. सासरे पेन लावायचे ते दोनच कारणांसाठी. एक, पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला जाताना आणि दुसरं, कुणाला तरी लेखी झापायचं असताना. हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो. आत्ता आषाढ चालला होता.

आज झापायचं होतं ते थेट सरकारला. महिन्यापूर्वी पंचायतीच्या फळ्यावर एक मसुदा लागला होता. माण तालुक्याच्या अगदी टोकाला असलेल्या हिवरवाडीसकट आठ वाड्या सातारा जिल्ह्यातून काढायच्या आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याला जोडायच्या. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी. आज तिसावा दिवस होता आणि दुपारी बारा वाजता तलाठी हरकती गोळा करायला शाळेत येऊन बसणार होता. सरकारनं त्याला आता ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव दिलंय, पण हिवरवाडी त्याला तलाठीच म्हणते आणि तोही ओ देतो.

लालासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त होऊनही चौतीस वर्षं झाली. फौजेत कुणी गाव विचारलं की ते ‘सातारा’ एवढंच सांगायचे. साताऱ्याचं गाव त्यांच्या घरापासून शंभर किलोमीटरच्या पुढं होतं आणि ते तिथं आयुष्यात मोजून वीसेक वेळा गेले असतील, तो भाग वेगळा. सांगली मात्र घरामागच्या ओढ्यापलीकडं सुरू होत होती. त्यांच्या परड्यात उभं राहून दगड भिरकावला तर तो परजिल्ह्यात पडे. तिथंच, ओढ्याच्या पल्याड, दोनशे पावलांवर, त्यांची मधली बहीण मनुबाई दिली होती. अठ्ठावन्न वर्षं ते तिला सांगलीवाली म्हणून चिडवत आले होते. आता सरकार त्यांनाच सांगलीवाले करायला निघालं होतं, आणि हे त्यांना ऐंशीव्या वर्षी झेपणारं नव्हतं.

हरकतीचा कागद तयार होता. तो लिहिला होता नातीनं, शिवांजलीनं. ती साताऱ्यात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची आणि सरकारी कागद बघितला की तिला भूक लागल्यासारखं व्हायचं. अडचण होती ती सह्यांची. जमिनीच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं होती, लालासाहेब, मनुबाई आणि धाकटी बनुबाई. वडील गेले की बहिणींची नावं कमी करायची भल्याभल्यांना घाई होते. लालासाहेबांनी ती कधी केली नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आज पहिल्यांदा थोडा पश्चात्ताप होत होता, कारण खातेदारांची हरकत म्हटली की तिघांचीही संमती लागणार होती.

“बनी काय न्हाई म्हनायची न्हाई,” ते म्हणाले. “मनीचं काय ती जाणं.”

बनुबाई दहिवडीजवळच्या गावात, म्हणजे सातारा जिल्ह्यातच दिलेली होती. गुडघ्यांमुळं तिला येणं जमत नव्हतं, म्हणून अंकितानं नऊ वाजताच तिला फोन लावला आणि मोबाईलचा आवाज मोठा करून तो सोफ्यापुढच्या टीपॉयवर ठेवून दिला. आजची बैठक होईपर्यंत बनुबाई अशी फोनमधूनच हजर राहणार होती. तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं की दादा म्हणेल तिथं तिचा अंगठा, पण माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तर तिला काही बरं वाटणार नाही.

लालासाहेबांनी विजयी मुद्रेनं सुनेकडं बघितलं.

अंकिताला मात्र बरं वाटणार होतं. ती या घरात आली त्याला पंचवीस वर्षं झाली होती, आणि तिच्या हिशेबानं त्यातलं एखादं वर्ष तरी तालुक्याच्या कचेरीपायी दहिवडीच्या एस.टी.त गेलं असेल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, दर दाखल्याला दोन गाड्या बदलून पंचेचाळीस किलोमीटर जायचं, साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायचं आणि परत यायचं. आटपाडी सोळा किलोमीटरवर होती. बाजार आटपाडीचा, दवाखाना आटपाडीचा, डाळिंबाचा सौदा आटपाडीत, आणि फक्त साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायला तेवढं दहिवडीला. तिनं हे सगळं सासऱ्यांना पूर्वी एकदा बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले होते की सैनिक अंतर मोजत नाही. अंकिता सैनिक नव्हती, पण हे ती त्यांना बोलली नाही. ती वाट बघत होती मनुबाईंची.

मनुबाई दहाच्या सुमाराला परसदारानं आल्या. शहात्तर वर्षांची बाई, पण ओढ्यातले दगड अजून न बघता ओलांडायची. दारातच त्यांनी पदर सावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आज त्या बिनमुराळ्याच्या आल्या आहेत, तेव्हा हे येणं धरू नये.

या घराचा तो नेम होता. सासुरवाशीण पंचमीला माहेरी यायची तर भावानं मुराळी म्हणून जाऊन तिला आणायची. पण लालासाहेबांच्या वडिलांना, म्हणजे बापूंना, सहा लेकी होत्या आणि मुलगा एकच. तेव्हा त्यांनी स्वतःपुरता कायदा केला होता. जिल्ह्याबाहेर दिलेल्या लेकीला मुराळी जाईल, जिल्ह्यातल्या लेकींनी आपापलं यावं. पाच लेकी जिल्ह्यात दिल्या गेल्या. एकटी मनुबाई ओढ्यापल्याड म्हणून जिल्ह्याबाहेरची ठरली. त्यामुळं वीस-वीस कोसांवरून इतर बहिणी पिशव्या सांभाळत एस.टी.नं यायच्या, आणि दोनशे पावलांवरच्या मनुबाईला आणायला लालासाहेब, फौजेत असतानाही सुट्टी काढून, फेटा बांधून, साडी-बांगड्या घेऊन ओढा ओलांडून जायचे. सहांपैकी चौघी आता राहिल्या नव्हत्या, त्यांच्या मुलांनी जमिनीवरचा हक्कही सोडला होता. नेम राहिला होता. सासू गेल्यापासून मनुबाई दिवसातून दोनदा इथं चहाला येत, पण ते येणं माहेरपणात मोजलं जात नसे.

“हं, आण तुजा कागद,” मनुबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. “पर मी सही करनार न्हाई. तू ये की सांगलीत. लय बोलायचास मला.”

“बघ, ऐकलंस का बने?” लालासाहेब फोनला म्हणाले.

फोनमधून बनुबाईनं सांगितलं की मनी लहानपणापासून अशीच आहे.

मग पक्ष पडले. लालासाहेबांच्या बाजूला त्यांचा मुलगा जयराज होता. तो गेल्याच वर्षी हवालदार म्हणून घरी आला होता, त्याची माजी सैनिकाची सगळी कागदपत्रं साताऱ्याच्या कार्यालयात होती आणि पुन्हा नव्या रांगेत उभं राहण्याची त्याची तयारी नव्हती. नातू शिवतेजही त्याच बाजूला होता. त्याच्या बुलेटला एमएच अकरा होतं. एमएच दहाची गाडी घेऊन आपण मित्रांत तोंड कसं दाखवायचं, असा त्याचा सवाल होता. समोर अंकिता आणि मनुबाई. शिवांजली मध्ये बसून दोन्हीकडचं टिपून घेत होती.

पहिला फितूर झाला शिवतेज. बहिणीनं त्याला सांगितलं की आहे त्या गाडीचा नंबर काही बदलत नाही, अकराची गाडी अकराचीच राहते. त्याच मिनिटाला तो आईशेजारी जाऊन बसला आणि आटपाडीत सर्व्हिसिंग किती चांगलं होतं यावर बोलू लागला. जयराजनं त्याच्याकडं असं बघितलं की फौजेत त्याबद्दल कोर्टमार्शल होतं.

पुढच्या दहा मिनिटांत जयराजही डळमळला. अंकितानं त्याला एवढंच विचारलं की त्याचे कागद साताऱ्याहून सांगलीला हलवायला किती फेऱ्या लागतील. दोन, तो म्हणाला. आणि गेल्या वर्षी घरातल्या दाखल्यांसाठी दहिवडीला किती झाल्या? त्या फेऱ्या कुणी केल्या? पुढच्या वर्षीपासून त्या तो करणार आहे का? जयराजनं छताकडं बघितलं आणि म्हणाला की तसं बघितलं तर देश एकच आहे.

लालासाहेब एकटे पडले. फोनमधल्या बनुबाईसकट दोघं.

“आबा, तुमची बाजू कायद्यानं अजून भक्कम आहे,” शिवांजली म्हणाली. तिला आजोबांची दया आली होती. “मी पहिलं कारण असं लिहिलंय बघा. हिवर ओढा ही दोन जिल्ह्यांमधली पूर्वापार नैसर्गिक हद्द असून ती मोडणे उचित नाही. याच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. मी पुरावाच जोडलाय.”

“पुरावा कसला?”

“गावनकाशा. तुमच्याकडचा मागितला तर तुम्ही हरवला म्हणालात. म्हणून मी कार्यालयातनं नक्कल काढून आणली.”

लालासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. “नकाशाची गरज न्हाई,” ते म्हणाले. “कागद लय झाल्यावर सायेब वाचत न्हाई. ठिव त्यो आत.”

पण तोवर नकाशा फरशीवर उलगडला होता आणि त्याची गुंडाळी होऊ नये म्हणून शिवतेजनं एका टोकावर तांब्या आणि दुसऱ्यावर आपला पाय ठेवला होता. शिवांजली गुडघ्यांवर बसून बोट फिरवू लागली. हा ओढा. हे आपलं घर. ही देवळाची जागा. आणि ही जिल्ह्याची हद्द. बोट ओढ्यावरून पुढं गेलं, थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. जाड तुटक रेघ ओढ्यावर नव्हती. ती ओढ्यापलीकडं, पार वरच्या माळावरून गेली होती.

“मनुआजी, तुमचं घर कुठल्या गटात?”

“दोनशे चौदा,” मनुबाई म्हणाल्या. “लाईटबिलावर असतंय की.”

दोनशे चौदा रेघेच्या अलीकडं होता. शिवांजलीनं तीनदा बघितलं. शिवतेजनं विचारलं की मग मनुआजीचं मतदान आणि रेशनकार्ड पलीकडच्या गावात कसं. शिवांजली म्हणाली की यादीत नाव लोक जिथं सांगतील तिथं लागतं, घर मात्र नकाशा सांगेल तिथं असतं. सरकारनं ओढा ही हद्द आहे असं कधी म्हटलेलंच नव्हतं. ते या घरानंच ठरवलं होतं आणि मग सगळ्यांनी ते खरं धरलं होतं.

मनुबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. “म्हंजी मी सातारा जिल्ह्यातच नांदती व्हय? अठ्ठावन्न वरसं?”

शिवतेजला हसू आवरेना. जयराजही हसला, आणि अंकिताला तर पदर तोंडाला लावावा लागला. साठेक वर्षं सांगलीवाली म्हणून चिडवून घेतलेली बाई सांगलीत कधी गेलीच नव्हती. मनुबाईंनाही पहिल्यांदा हसू आलं. आणि मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं, कारण त्यांच्या लक्षात आलं की मसुदा पास झाला तर त्या आणि दादा दोघं सांगलीत, नाही झाला तर दोघं साताऱ्यात. कसंही फिरवलं तरी दोघांच्या मध्ये आता जिल्हा नव्हता. आणि जिल्ह्यातल्या लेकीला मुराळी जात नाही.

त्यांनी भावाकडं बघितलं. एवढ्या मोठ्या गोष्टीवर लालासाहेब एक शब्द बोलले नव्हते. ते पेनाच्या टोपणाशी चाळा करत होते.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुजा फौजेतला रुमाल अजून टरंकंत हाय. तुजा नकाशा कसा रं हरवला?”

कुणी हसेना.

“हरवला न्हाई,” लालासाहेब म्हणाले.

“कवा कळलं तुला?”

“चौऱ्याण्णवला. हिरीची मोजणी झाली तवा. मोजणीवाल्यानं दावलं. मी त्याला बांधावरच च्या पाजला आन तितनंच माघारी लावला.”

मनुबाईंना ते साल चांगलं आठवत होतं. त्यांची सासू तेव्हा हिंडतीफिरती होती. त्या सासूच्या राज्यात मनुबाईंना ओढ्यावर धुणं धुताना माहेरचं दार दिसायचं, पण तिकडं जायची सोय नव्हती. वर्षातले पंचमीचे पाच दिवस तेवढे सुटकेचे, आणि तेही मुराळी दारात उभा राहिला तरच. आपलं आपण जाते म्हणाल्या असत्या तर सासूनं पुन्हा घरात घेतलं नसतं.

लालासाहेब तेच सांगत होते, खाली बघून. “तुजी सासू म्हनायची, मुराळी आला तर धाडीन. बापू म्हनायचं, जिल्ह्यातल्या लेकीला मुराळी न्हाई. दोगंबी हेकट. मी नकाशा दावला असता तर तुजं पाच दिस गेलं असतं. म्हनून ठिवला टरंकंत.”

“आरं, सासू जाऊन वीस वरसं झाली. बापू त्याच्याबी आदी गेलं.”

“व्हय. तवा सांगायचं हुतं.” त्यांनी पेन खिशाला लावलं. “पर मग तू मला कशाला बलावशील? वरसातनं एकदा तू मला पाटावर बशिवतीस, पायावर पानी घालतीस, समोर बसून वाढतीस. हितं समदी मला सुभेदार म्हनून भ्यात्यात. तितं तेवढा मी भाऊ असतो.”

अंकितानं सासऱ्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य, झापण्याव्यतिरिक्त, पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला एकदम कळलं की ह्या माणसाचं साताऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मसुदा पक्का झाला तर नकाशे बाहेर निघतील, एवढीच त्यांची भीती होती. आणि तो नकाशा त्यांच्या लाडक्या नातीनं, त्यांचीच बाजू भक्कम करायला, बाहेर काढून फरशीवर पसरला होता. शिवांजली रडवेली होऊन त्याची घडी घालू लागली.

मनुबाईंनी डोळे पुसले आणि त्या हसल्या. “येडा हायस,” त्या म्हणाल्या. एवढ्यावर सगळं गोड झालं असतं.

“म्हंजी दादा,” टीपॉयवरून आवाज आला.

फोन चालू होता. बनुबाई नऊ वाजल्यापासून सगळं ऐकत होती आणि तिला सगळेच विसरले होते.

“म्हंजी मनीबी जिल्ह्यातलीच. आन मीबी जिल्ह्यातलीच.”

लालासाहेब उठून उभे राहिले. सुभेदाराला उभं राहूनच बोलणी खायची सवय असावी.

“मी यस्टीनं येत हुते,” बनुबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ऐकणाऱ्यांना तो जास्त लागला. “काखंत पोर, हातात पिशवी. स्टँडवर उतरून चालत यायची. आन परसदारी आले की दिसायचं, तू फेटा बांधून मनीला घिऊन येतोयास. मला वाटायचं, मलाबी ओढ्यापल्याड दिली असती तर बरं झालं असतं. पर कवा बोलले न्हाई. म्हनलं, नेम हाय. नेमाला कोन काय करनार.”

“बने, माजं चुकलं,” लालासाहेब म्हणाले.

“एक डाव तरी यायचं हुतंस.”

जयराजनं खुर्ची पुढं सरकवली, लालासाहेब बसले नाहीत. शाळेकडून पोरं ओरडत गेली की तलाठी आला, आणि घड्याळात साडेअकरा झाले होते. समोर हरकतीचा कागद होता आणि त्याच्याकडं बघायला कुणाला सुचत नव्हतं.

सुचलं ते मनुबाईंना. त्यांनी कागद उचलून लांब धरला, वाचता येत नव्हता तरी वाचल्यासारखं केलं, आणि नातीला विचारलं, “हरकत न्हाई टाकली तर ही वाडी सांगलीत जानार. बरूबर?”

“बरोबर.”

“आन बनीचं गाव?”

“ते माणमध्येच. साताऱ्यात.”

“मग ऐक, बने,” मनुबाई फोनला म्हणाल्या. “बापूंचा नेम काय हुता? जिल्ह्याभायेरच्या लेकीला मुराळी. माहेर सांगलीत गेलं की तू कोन झालीस?”



शिवांजली कायद्याची असल्यानं तिला राहवेना. तिनं सांगितलं की मसुदा पक्का व्हायला वर्षसुद्धा लागेल, हरकतींची सुनावणी असते, मग राजपत्र निघतं, यंदाच्या पंचमीला काही ते होत नाही.

“सरकारचं सरकार बघंल,” लालासाहेब म्हणाले. “आपल्या घरात आजपास्नं पक्का.” त्यांनी बहिणीच्या हातातून कागद घेतला, उलटा केला, खिशातलं पेन काढून कोऱ्या बाजूवर लिहायला बसले, आणि ‘आम्हां खातेदारांची काहीही हरकत नाही’ एवढं एकच वाक्य लिहून खाली सही ठोकली. सहीखाली त्यांनी पुष्कळ वर्षांच्या सवयीनं ‘जि. सातारा’ लिहिलं. मग ते खोडलं नाही, कारण अजून तरी ते खरं होतं.

मनुबाईंनी शेजारी अंगठा दिला. बनुबाईचा अंगठा आणायला शिवतेज बुलेटवरून जायला निघाला होता, पण शिवांजली म्हणाली की हरकत नसेल तर कागदच द्यावा लागत नाही. लालासाहेबांनी तरीही तो घडी करून खिशात घातला. लिहिलेलं वाया घालवायची त्यांची पद्धत नव्हती.

“बने,” ते फोनजवळ वाकून म्हणाले, “पंचमीच्या आदल्या सोमवारी येतो. सकाळच्या गाडीनं. फेटा बांधून. साडी कंच्या रंगाची आणू?”

“आन आवंदा मला आनायला येऊ नगंस,” मनुबाई मध्येच म्हणाल्या. “माजी मी येती. त्या सोमवारी मीबी तुज्यासंगं बनीकडं जानार. भावाच्या जोडीला भैन मुराळी गेली म्हनून कुनाचं काय जातंय?”

लालासाहेबांनी पाठ फिरवून खिडकीतून ओढ्याकडं बघायला सुरुवात केली. अंकितानं चहाचं आधण चढवलं. जयराजला वाटलं की फोन कट झाला. तो उचलायला वाकला तेवढ्यात बनुबाई बोलली. तिनं साडीचा रंग सांगितलाच नाही.

“मने,” ती दबक्या आवाजात म्हणाली, शेजारच्या खोलीतल्या सुनांना ऐकू जाऊ नये तशी, “मुराळ्याला आदी काय वाढत्यात गं? मला त्ये ठावंच न्हाई.”